सगळे कुलकर्णी एकाच घराण्यातले असतात का?

तुमचं आडनाव कुलकर्णी, मुलीला सांगून आलेलं स्थळही कुलकर्णीच. मग दोन्ही घरं मुळात एकच असतील का, आणि हे आडनाव आलं कुठून, असं तुम्ही विचारलंय. मीही कुलकर्णीच, त्यामुळे हा प्रश्न आमच्याही घरात प्रत्येक लग्नाच्या वेळी निघतो.

नुसत्या आडनावावरून भाऊबंदकी ठरत नाही. कुलकर्णी हे मुळात हुद्द्याचं नाव. परगण्याला देशमुख-देशपांडे, तसे गावाला पाटील-कुलकर्णी. पाटलाने सारा वसूल करायचा आणि कुणाकडे किती जमीन, किती भरणा झाला, बाकी किती, हे कुलकर्ण्याने लिहून ठेवायचं. हे वतन पिढीजात चाले. गावोगावी कुलकर्णी असल्याने एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य घरांना एकच नाव मिळालं. ज्ञानेश्वरांचे पूर्वज आपेगावचे कुलकर्णी. समर्थ रामदासांच्या घरीही जांबचं कुलकर्णपण होतं, पण त्यांचं आडनाव ठोसर. दोन्ही गावं मराठवाड्यातली, तरी या दोन घरांना कुणी भाऊबंद म्हणत नाही.

आमच्याकडे जुन्या रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत. त्यातल्या एका कागदाच्या शेवटी पाटलाची निशाणी म्हणून छोटासा नांगर काढलाय आणि मजकूर सगळा कुलकर्ण्याच्या हातचा. गावात कुणाचं काय काम होतं, ते त्या एका कागदावर दिसतं. या लेखणीच्या जोरावर रयतेची अडवणूकही झाली, हे आपण कुलकर्ण्यांनी मान्य करायला हवं. जोतीराव फुल्यांनी त्यावर कडाडून लिहिलं. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० साली कायदा झाला आणि उरलीसुरली वतनं गेली. आडनाव तेवढं राहिलं.

पूर्वी माणूस स्वतःच्या, बापाच्या आणि गावाच्या नावाने ओळखला जाई. इंग्रजी अमलात शाळा, कोर्ट, सरकारी नोकरी आली आणि कागदावर कायमचं आडनाव लागू लागलं. तेव्हा कुणी हुद्दा लावला, कुणी मूळ आडनाव ठेवलं, कुणी गावाला ‘कर’ जोडला. त्यामुळे सख्ख्या भावांचे वंशज आज वेगळ्या आडनावाचे सापडतात आणि शेजारचे दोन कुलकर्णी एकमेकांचे कुणीच नसतात.

वस्ती म्हणाल तर पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक. बेळगाव, धारवाड, विजापूरकडच्या कित्येक कुलकर्ण्यांच्या घरात कन्नड बोलतात. आणखी दक्षिणेला म्हैसूरकडे हेच काम शानभोग करत आणि तेलुगू मुलखात करणम, म्हणून तिकडे आपलं आडनाव विरळ होतं. बहुसंख्य कुलकर्णी देशस्थ, ऋग्वेदी आणि यजुर्वेदी दोन्ही. पण कऱ्हाडे, सारस्वत आणि सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) कुलकर्णीही आहेत. गोव्यात गावकरीचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा, हिशेब लिहिणाऱ्यालाही कुळकर्णीच म्हणत.

तेव्हा पाहुण्यांना आधी विचारा: तुम्ही कुठले कुलकर्णी, म्हणजे वतनाचं गाव कोणतं? मग गोत्र, कुलदैवत आणि मागचं एखादं आडनाव असेल तर ते. घरात कुणाला आठवत नसेल तर त्र्यंबकेश्वरच्या किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. पूर्वज तिथे जाऊन आले असतील तर गावासकट नावं मिळतात. वतनाचे कागद हवे असतील तर पुण्याच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. मात्र सोबत मोडी वाचणारा हवा.

आणि गोत्र एकच निघालं तरी कायद्याची आडकाठी नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सपिंड, म्हणजे जवळच्या रक्ताचं, नातं पाहतो: वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. तेवढ्या पिढ्यांची नावं दोन्ही घरांनी कागदावर मांडून ताडून पाहा.