तुमचे प्रश्न : कॅम्पसवर भेदभाव झाला तर कुणाकडे जायचं?

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं या वेळी खूप आली, त्यातली चार घेतलीये. पहिलं उत्तर लांबलंय कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी बाकीच्यांनाही लागू आहेत.

ताई, मी ओहायोमध्ये पीएचडी करते. आमच्या लॅबमध्ये आम्ही तिघं भारतीय आहोत, आणि प्रोफेसरांनी १४ ऑक्टोबरला आम्हा तिघांनाच मेल केला की बिल्डिंगमध्ये तुमची भाषा बोलायची नाही, जेवतानासुद्धा नाही. लॅबमधली जर्मन मुलं आपापसात जर्मनमध्ये बोलतात, त्यांना काही नाही. त्यानंतर माझं प्रेझेंटेशनही दुसऱ्याला दिलं, कारण काय तर माझा ॲक्सेंट. सगळे म्हणतायत व्हिसावर आहेस, गप्प बस. आम्ही इथले नागरिकच नाही, तर आम्हाला कायदा लागू तरी होतो का?

होतो, पूर्ण लागू होतो. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमधलं टायटल सिक्स म्हणतं की केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या कुठल्याही संस्थेत वंश, रंग किंवा नॅशनल ओरिजिन, म्हणजे तू किंवा तुझे पूर्वज मूळचे कुठले, यावरून अमेरिकेतल्या कुठल्याही व्यक्तीशी भेदभाव करता येणार नाही. व्यक्ती म्हटलंय, नागरिक म्हटलेलं नाही, त्यामुळे एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरची मुलगीसुद्धा त्यात आली. आणि प्रायव्हेट कॉलेज आहे म्हणून सुटत नाही, कारण विद्यार्थ्यांची सरकारी मदत आणि रिसर्च ग्रँट जवळपास सगळीच घेतात, आणि १९८८ च्या दुरुस्तीनंतर एका विभागाने जरी पैसे घेतले तरी अख्खं कॉलेज नियमात येतं.

आता भाषेचं. वर्गात शिकवताना किंवा लॅबमध्ये सेफ्टीचं काम चालू असताना सगळ्यांनी इंग्रजीत बोला असं कुणी म्हणालं तर त्यात भेदभाव आहे असं मी म्हणणार नाही. पण जेवतानाही नाही, आणि तेही फक्त तुम्हा तिघांना? असाच प्रकार २०१९ च्या जानेवारीत ड्यूक युनिव्हर्सिटीत झाला होता, बायोस्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्स प्रोग्रॅमच्या डायरेक्टरने मुलांना मेल केला की बिल्डिंगमध्ये चायनीज बोलू नका, दोन प्राध्यापकांनी तक्रार केलीये, आणि ती मुलं कोण हे त्यांना पुढे इंटर्नशिपच्या वेळी लक्षात ठेवायचंय. तो मेल बाहेर आला, डायरेक्टरला ते पद सोडावं लागलं आणि मेडिकल स्कूलच्या डीनने मुलांची माफी मागितली. तिथे सगळं हललं ते तो मेल लेखी होता म्हणून, आणि तुझ्याकडेही मेल आहे, तो आधी पर्सनल अकाउंटवर सेव्ह करून ठेव.

ॲक्सेंटचा मुद्दा थोडा वेगळा. टीचिंग असिस्टंटना इंग्रजी बोलण्याची परीक्षा असते, ती सगळ्यांना सारखी असेल तर चालते. पण समोरच्याला तुझं सगळं कळतंय आणि तरी केवळ उच्चार भारतीय वाटतो म्हणून काम काढून घेतलं तर तो नॅशनल ओरिजिनचाच प्रश्न होतो. तू रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंट म्हणून पगार घेत असशील तर नोकरीतल्या भेदभावाचं टायटल सेव्हन आणि त्याच्या तक्रारी घेणारं केंद्राचं ऑफिस ईईओसी हाही रस्ता असू शकतो, त्याची मुदत वेगळी असते.

पुढे काय करायचं ते सांगते, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तक्रार लेखी कर. नुसतं ग्रॅज्युएट डायरेक्टरच्या केबिनमध्ये जाऊन रडून आलीस तर उद्या कॉलेज म्हणेल आम्हाला माहीतच नव्हतं, आणि या कायद्यात कॉलेजला माहीत होतं का आणि माहीत झाल्यावर त्यांनी काय केलं यावरच बरंच काही ठरतं. इक्विटी ऑफिस किंवा सिव्हिल राइट्स ऑफिस, तुमच्याकडे जे नाव असेल ते, त्यांना मेल कर, तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते, आणि जर्मन मुलांना वेगळी वागणूक मिळते हे तर नक्की लिही, कारण तुलना दाखवता आली की केसला जोर येतो. आणि मेलमध्ये 'नॅशनल ओरिजिनवरून भेदभाव' हे शब्द सरळ घाल. 'सर माझ्याशी नीट वागत नाहीत' एवढंच लिहिलंस तर ते गाइडशी न पटल्याचं प्रकरण म्हणून फाइल होतं, अशी पत्रं माझ्याकडे कितीतरी येतात आणि वाचून जीव तुटतो.

केंद्राच्या शिक्षण खात्याचं ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स, म्हणजे ओसीआर, तिथे तक्रार घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते, तुझ्या मेलची मुदत १२ एप्रिलला संपते. फी नाही, वकील लागत नाही, फॉर्म ऑनलाइन आहे. कॉलेजची अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून निवांत राहू नकोस, ती संपल्यावर ६० दिवसांत ओसीआरकडे जाता येतं असा नियम आहे खरा, पण मी म्हणेन त्या भरवशावर १२ एप्रिल जाऊ देऊ नकोस.

व्हिसाची भीती मला कळते, ती खोटी नाहीये. पण तक्रार केली म्हणून कॉलेजने तुला त्रास द्यायचा नाही हेही त्याच नियमांत आहे, आणि दिला तर ती वेगळी तक्रार होते. खरा धोका दुसरीकडे असतो, मुलं वैतागून त्या प्रोफेसरचा कोर्स ड्रॉप करतात आणि क्रेडिट्स फुल टाइमच्या खाली जाऊन व्हिसा स्टेटसचा घोळ होतो. ड्रॉप करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी घे. आणि प्रोफेसरांचं बोलणं चोरून रेकॉर्ड करायचा सल्ला मित्र देतील, तर आधी राज्याचा कायदा बघ, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सगळ्यांच्या संमतीशिवाय खाजगी बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे.

मॅडम, माझा मुलगा डॉर्ममध्ये राहतो. त्याच्या दारावर दोनदा 'परत जा' आणि त्याहून घाण काहीतरी लिहिलं, मजल्यावरची मुलं त्याच्या उच्चाराची नक्कल करतात, हे सप्टेंबरपासून चालू आहे. मी कॉलेजला फोन केला तर ते माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत. मी वडील म्हणून तक्रार करू शकतो का?

दादा, ते बोलत नाहीत कारण मुलगा सज्ञान आहे आणि फर्पा नावाच्या कायद्यामुळे त्याच्या संमतीशिवाय ते त्याची माहिती तुम्हाला देऊ शकत नाहीत. पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कुणी अडवलेलं नाही, म्हणून फोन नको, मेल करा. ओसीआरकडे तक्रार कुणीही करू शकतं, पीडितानेच करायला हवी असं नाही, फक्त नाव घेऊन चौकशी करायची तर मुलाची सही असलेला संमतीचा कागद लागतो, त्यामुळे आधी त्याच्याशी बोला, त्याला न विचारता काही करू नका.

त्रास देणारी मुलं आहेत, प्राध्यापक नाहीत, म्हणून कॉलेज हात वर करू शकत नाही. प्रकार इतका गंभीर, वारंवार किंवा सतत असेल की मुलाला तिथे शिकणं-राहणंच अवघड झालंय, आणि कॉलेजला ते माहीत आहे, तर त्यांनी लगेच पावलं उचलली पाहिजेत. सरकारी युनिव्हर्सिटी फ्री स्पीचचं कारण पुढे करते कधी कधी, नुसत्या वाईट बोलण्यावर शिक्षा करता येत नाही हे खरंच आहे, पण खोली बदलून देणं, मजल्यावर नियम सांगणं, दारावरच्या लिखाणाची चौकशी करणं हे त्यांना कुणी थांबवलेलं नसतं. लिखाण पुसायच्या आधी तारखेसकट फोटो काढायला सांगा, आणि कॅम्पस पोलिसांकडे रिपोर्ट करून नंबर घ्या.

एक खरं सांगायला हवं. मार्च २०२५ मध्ये ओसीआरचा जवळजवळ निम्मा स्टाफ कमी करायचं ठरलं आणि बारातली सात विभागीय ऑफिसं बंद केली, तेव्हा तिथून पटकन उत्तर येईल अशी आशा ठेवू नका. हेतुपुरस्सर भेदभाव असेल तर टायटल सिक्सखाली थेट कोर्टातही जाता येतं, त्यासाठी ओसीआरची वाट बघावी लागत नाही, पण त्याला वकील हवा आणि मुदत राज्याप्रमाणे बदलते.

डबा गरम केला की ऑफिसमधले नाकं मुरडतात, आता 'स्ट्राँग वासाचं अन्न' मायक्रोवेव्हमध्ये नको अशी चिठ्ठी लावलीये. हा भेदभाव आहे का?

चिठ्ठी सगळ्यांना सारखी लागू होते की फक्त तुमच्या डब्याला, यावर ठरेल. कोलोरॅडो युनिव्हर्सिटीच्या बोल्डर कॅम्पसवर २०२३ मध्ये पालक पनीर गरम करण्यावरून वाद सुरू झाला आणि दोन भारतीय पीएचडी विद्यार्थ्यांचं प्रकरण फेडरल कोर्टापर्यंत गेलं, त्यांचं म्हणणं होतं की तक्रार केल्यावर आपल्यावर सूड उगवला गेला. २०२५ मध्ये युनिव्हर्सिटीने चूक मान्य न करता २ लाख डॉलर्स आणि मास्टर्स डिग्री देऊन तडजोड केली, पण अट अशी की त्या दोघांनी पुन्हा तिथे शिकायचं नाही, नोकरीही करायची नाही. जिंकले म्हणायचं तर पीएचडी गेलीच. म्हणून म्हणते, चिठ्ठीचा फोटो आजच काढा आणि साधा मेल टाका की हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाकुणाला लागू आहे.

जय भीम ताई. मला त्रास अमेरिकन लोकांकडून नाही, आपल्याच लोकांकडून होतो. आडनाव विचारतात, मग गणपतीला बोलवत नाहीत, रूममेटने तर कारण तोंडावर सांगून घर सोडायला लावलं. याला तिथे कायदा आहे का?

जय भीम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तुला हे तिथेही भोगावं लागतंय याची मला लाज वाटते.

टायटल सिक्समध्ये जात हा शब्द नाही. पण १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने इराकमध्ये जन्मलेल्या एका प्राध्यापकाच्या केसमध्ये, ती वेगळ्या कायद्याखाली होती, म्हटलं की वंशाच्या भेदभावात पूर्वज आणि वांशिक ओळखही येते. पूर्वजांचा हाच आधार ओसीआर ज्यू, मुस्लिम, शीख, हिंदू मुलांच्या तक्रारींत वापरतं, आणि जातीबद्दलही तोच युक्तिवाद करता येतो. काही कॉलेजांनी वाट बघितली नाही, ब्रँडाइस युनिव्हर्सिटीने २०१९ मध्ये आपल्या धोरणात जात घातली, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये सगळ्या कॅम्पसना लागू केली. जातिभेदावर बंदी घालणारं कॅलिफोर्निया राज्याचं विधेयक मात्र गव्हर्नर न्यूसम यांनी २०२३ मध्ये परत पाठवलं, कारण दिलं की आहे त्या कायद्यातच हे येतं, तेव्हा तू कॅलिफोर्नियात असशील तर त्यांचं हेच वाक्य तक्रारीत वापर.

गणपतीला न बोलावणं खाजगी घरातलं असेल तर कॉलेज फार काही करणार नाही. पण कॉलेजकडून पैसे घेणाऱ्या स्टुडंट क्लबचा कार्यक्रम असेल किंवा ते घर कॉलेजच्या हाउसिंगमधलं असेल तर नक्की लिही. तुझ्या कॉलेजच्या धोरणात 'कास्ट' शब्द आहे का ते आधी शोध, असला तर काम बरंच सोपं होतं, नसला तरी तक्रारीत 'कास्ट' आणि 'ॲन्सेस्ट्री' दोन्ही शब्द घाल, आणि जात म्हणजे काय, ती आडनावावरून कशी काढतात हे चार ओळींत समजावून सांग, कारण वाचणाऱ्याला बहुतेक त्यातलं काहीच माहीत नसणार.