परदेशातल्या बेसवर सही करण्याआधी

वैमानिकाला परदेशात नवा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते तो विमानतळ, मिळणार म्हटलं की आधी पगाराचा आकडा दिसतो. तू आधी करारावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघ. कॅथे पॅसिफिक या हाँगकाँगच्या विमान कंपनीच्या लंडनमधल्या हीथ्रो बेसवरच्या एका वैमानिकाचा करार वेटा या तिच्या हाँगकाँगमधल्या उपकंपनीशी होता. नोकरी गेल्यावर ब्रिटनमध्ये दाद मागता येईल का, हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ साली निकाल त्याच्या बाजूने लागला, कारण त्याचा बेस लंडन होता. रायनएअरच्या बेल्जियममधल्या शार्लरुआ बेसवरच्या केबिन क्रूच्या प्रकरणात युरोपच्या न्यायालयानेही २०१७ मध्ये होम बेसला मोठं वजन दिलं. पण कोर्टात वर्षं जातात, आणि घरभाडं थांबत नाही.

युनियनमधले सीनियर परदेशी बेसला विरोध करतात म्हणून चिडू नकोस. त्यांचा खरा प्रश्न सीनियॉरिटीचा, म्हणजे बढती ज्यावर ठरते त्या यादीतल्या क्रमाचा असतो. परदेशी बेसची यादी वेगळी झाली की कंपनी हळूहळू उड्डाणं स्वस्त करारांकडे वळवू शकते. मग इकडे कॅप्टनची बढती लांबते आणि तिकडे तू एकटा पडतोस. नॉर्वेजियन या विमान कंपनीच्या आयरिश उपकंपनीला अमेरिकी वैमानिकांनी एवढा कडाडून विरोध केला, तो याच भीतीने.

बेस बंदही होतात. कोविडकाळात फेडेक्सने हाँगकाँगचा बेस बंद करायचं ठरवलं. म्हणून मूळ बेसवर त्याच सीनियॉरिटीने परतण्याचा हक्क, सामान हलवण्याचा खर्च आणि कर कोण भरणार, हे तिन्ही लेखी घे. एचआरच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. मसुदा आधी युनियनच्या वकिलाला दाखव.