बॅकअप आहे, पण रिस्टोअर करून पाहिलंय का?

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे सहा डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) आणि नऊ डेटा अ‍ॅनालिस्ट आहेत. सगळ्यांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण ठरवायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. तीन संस्थांचे आराखडे आले. तिन्हींत दिवसभर स्लाइड्स, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. याआधीच्या दोन प्रशिक्षणांतलं पंधरा दिवसांत कुणाला काही आठवत नव्हतं. यंदा संस्थेकडे नेमकं काय मागू? आणि दोन्ही गटांना एकत्र बसवू का?

उत्तर : आराखड्यात एकच गोष्ट आधी शोधा. डेटाबेस मोडून तो परत उभा करायचं काम शिकणाऱ्याच्या हातून किती वेळा होणार आहे? एकदाही होणार नसेल, तर तुमच्या सहा डीबीएंना त्या वर्गात पाठवू नका.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण हा धडा मला वर्गात कुणी दिला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या सर्व्हरची डिस्क गेली. मी निर्धास्त होते. बॅकअपचा जॉब रोज पहाटे ‘यशस्वी’ असा मेल पाठवायचा. फोल्डर उघडलं तर चौदा रात्रींच्या चौदा फाइली, प्रत्येक फक्त २० बाइटची. झालं होतं असं : डेटाबेसचा पासवर्ड बदलला, पण स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणारी कमांड, पहिल्याच पायरीला पडत होती, पण तिचं आउटपुट पाइपमधून जीझिप या फाइल लहान करणाऱ्या कमांडकडे जायचं. जीझिपला काहीच मिळालं नाही, तरी त्यानं रिकामी फाइल इमानेइतबारे झिप केली आणि काम फत्ते म्हणून कळवलं. कमांड चालवणारं शेल डीफॉल्टनं पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरतं, म्हणून मेल ‘यशस्वी’चा. स्क्रिप्टच्या वर ‘सेट मायनस ओ पाइपफेल’ एवढी एक ओळ असती, तर पहिल्याच पहाटे कळलं असतं. त्या चौदा दिवसांच्या नोंदी आम्ही कागदांवरून तीन आठवडे बसून पुन्हा भरल्या. माझ्या शेजारी बसून ते काम करणाऱ्यांचे चेहरे मी विसरलेले नाही.

हे नवख्यांच्याच बाबतीत होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनियरनं रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी थांबेपर्यंत साडेचार जीबी उरले. मग लक्षात आलं, की रोजचा डंप कधीपासून होतच नव्हता. सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारं साधन ९.२ चं, म्हणून ते चालत नव्हतं. अपयशाचे मेलही वाटेत नाकारले जात होते. सहा तास आधी योगायोगानं हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटनं (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीनं) त्यांना वाचवलं. कंपनीनं हे सगळं स्वतःहून जगासमोर मांडलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. तो अहवाल वर्गात वाचायला ठेवा.

तर संस्थेला सांगा : प्रत्येकाला स्वतःचा डेटाबेस द्या, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता त्यातलं एक टेबल उडवा. डेटाबेस टेबल उडण्याआधीच्या, समजा ११ वाजून ४२ मिनिटांच्या, स्थितीला परत आणायचा, घड्याळ लावून. त्यासाठी बेस बॅकअप (पूर्ण प्रत) लागतो आणि त्यानंतरचे वॉल लॉग (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) सलग लागतात. मधली एक फाइल नसेल तर गाडी तिथेच अडते. ते अडणं वर्गात अनुभवलेला माणूस कामावर आल्यावर आधी या लॉगचा साठा, म्हणजे आर्काइव्ह तपासतो.

एकत्र बसवायचं का? चार दिवस वेगवेगळे, एक दिवस एकत्र. त्या दिवशी अ‍ॅनालिस्टनी आपल्या रोजच्या कामातल्या, रेंगाळणाऱ्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) आणायच्या. संस्थेच्या तयार उदाहरणांना हात लावायचा नाही. मी घेतलेल्या एका वर्गात एका मुलीची क्वेरी अकरा मिनिटं चालायची. तिनं तारखेतून वर्ष काढून ते २०२३ शी ताडलं होतं. तारखेवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) होता, पण कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळल्यावर तो साधा इंडेक्स कामाला येत नाही आणि सगळं टेबल वाचलं जातं. शेजारच्या डीबीएनं अट ‘१ जानेवारी २०२३ पासून, १ जानेवारी २०२४ च्या आधी’ अशी लिहून दिली. क्वेरी चार सेकंदांत आली. त्याहून मोलाचं म्हणजे, ती आकडेवारी दर सोमवारी सकाळीच का लागते हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोघं एकाच मजल्यावर तीन वर्षं काम करत होते.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांकडून घोटून घ्या. पोस्टग्रेसमध्ये नुसतं ‘एक्स्प्लेन’ क्वेरी कशी चालेल याचा फक्त प्लॅन दाखवतं, ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ क्वेरी खरोखर चालवतं. पुढे डिलीट असेल तर ओळी जातात. म्हणून आधी बिगिन, नंतर रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जातात.

प्रमाणपत्र घ्या, नोकरी बदलताना कामी येतं. विसरण्यावर उपाय हा, की प्रशिक्षणाला निघण्याआधीच पुढच्या महिन्यातल्या रिस्टोअर सरावाची तारीख कॅलेंडरवर टाका आणि तो कोण करणार त्याचं नाव लिहा.

प्रश्न : मी अ‍ॅनालिस्ट आहे. पायथॉन चांगलं येतं, सगळा डेटा खेचून तिथेच काम करते. आता एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) वर्गाला वेळ द्यावा का?

उत्तर : जरूर द्या. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी डेटा टेबलांत मांडायचं रिलेशनल मॉडेल १९७० मध्ये मांडलं, एसक्यूएलचं पहिलं रूप १९७४ चं. इतकी साधनं आली-गेली, ही भाषा टिकून आहे. कोटीभर ओळी नेटवर्कवरून ओढून बारा महिन्यांच्या बारा बेरजा काढण्यापेक्षा, त्या बारा ओळीच डेटाबेसकडून मागा.

पण वर्ग निवडताना तिथे चुकीची उत्तरं कशी येतात हे शिकवतात का ते विचारा. ऑर्डरची रक्कम हजार आणि तिचे तीन हप्ते. दोन्ही टेबलं जोडून रकमेची बेरीज केली, की तीन हजार येतात. एररचा मेसेज येत नाही, अहवाल सुबक दिसतो. दुसरं उदाहरण : कधीच खरेदी न केलेले ग्राहक शोधायला तुम्ही ‘नॉट इन’ (या यादीत नसलेले) लिहिलंत आणि आतल्या यादीत एक जरी नल, म्हणजे न भरलेली किंमत, असला, तर उत्तरात शून्य ओळी. तुम्ही साहेबांना सांगता, असा ग्राहकच नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहून तीच क्वेरी पुन्हा चालवा आणि या महिन्यात पाठवलेल्या अहवालांत ‘नॉट इन’ कुठे कुठे आहे ते आजच शोधा.