माणूस आणि माकड यांच्या मेंदूतील दृष्टीविषयक नोंदींची तुलना कशी करतात?

माकडाच्या मेंदूत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून एकेका चेतापेशीचे विद्युत स्पंद मोजता येतात, तर निरोगी माणसाच्या बाबतीत बहुधा एफएमआरआयवर (मेंदूतील हालचाल बाहेरून टिपणाऱ्या चुंबकीय स्कॅनवर) भागवावे लागते, आणि त्यात दिसतात ते रक्तातील ऑक्सिजनचे काही सेकंद उशिराने होणारे बदल. त्यामुळे या नोंदी थेट शेजारी ठेवता येत नाहीत. यावरचा मला सर्वांत समर्पक वाटणारा मार्ग मेंदूसंशोधक निकोलाउस क्रीगेसकोर्टे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडला. चेहरे, शरीराचे अवयव, फळे, वस्तू अशी तीच ९२ चित्रे दोघांनाही दाखवलेली होती. त्यांतील प्रत्येक जोडीला मिळालेले प्रतिसाद परस्परांपासून किती वेगळे आहेत, याचा माणसाचा एक आणि माकडाचा एक असा तक्ता त्यांनी तयार केला. तुलना झाली ती या तक्त्यांची, म्हणून मोजमापाचे एकक आड आलेच नाही. दोन्हीकडे सजीव आणि निर्जीव अशी ठळक विभागणी आढळली, आणि सजीवांतही चेहऱ्यांचा गट वेगळा पडला. मात्र एफएमआरआयच्या एका ठिपक्यात असंख्य पेशींचा एकत्रित परिणाम असतो, त्यामुळे तक्ते जुळले तरी पेशींची कार्यपद्धती एकच आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांच्या, त्यांच्या संमतीने घेतलेल्या नोंदी अधिक उपयोगी ठरतात.