ह्वे एका दिवसात? नको, तीन रात्री द्या

तुमचा बेत मला कळला तो असा: एकूण ६ रात्री, सगळा मुक्काम मध्य व्हिएतनाममधल्या दा नांगला, त्यातला एक दिवस जुनी राजधानी ह्वेसाठी. दिवाळीची सुट्टी की मार्चअखेर हे ठरायचंय, आणि सोबत पक्क्या शाकाहारी सासूबाई व ११ वर्षांचा मुलगा. बुकिंग अजून झालेलं नाही म्हणता, हे फार बरं झालं.

आधी तारखा. दिवाळीत नको. आपला पाऊस संपतो तेव्हा मध्य व्हिएतनामचा सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले सगळ्यात ओले महिने. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्वे आणि होई आन (दा नांगजवळचं जुनं बंदर) दोन्हीकडे पुराचं पाणी रस्त्यांवर होतं, म्हणजे नेमकं आपल्या शाळांच्या सुट्टीत. मार्चअखेर उत्तम. मे महिन्यापासून उन्हाळा असा तापतो की ह्वेच्या राजवाड्याच्या किल्ल्यात सासूबाईंचे हाल होतील.

आता एका दिवसाच्या सहलीबद्दल. (आपले टूरवाले 'ह्यू' म्हणतात, तिथला उच्चार 'ह्वे'च्या जवळ जातो.) पहिल्या खेपेला मी तशीच गेले होते. सकाळी ८ ला गाडी हॉटेलवर आली आणि बोगद्यातून गेली, त्यामुळे हाय वान घाट दिसलाच नाही. ११ ला किल्ल्यात पोचलो, भर उन्हात दीड तास फिरलो, मग कुठल्याशा हॉलमध्ये फ्राइड राइसचा बुफे, एक समाधी, आणि परत. रत्नागिरीची बाई ह्वेला जाऊन शिंपल्यांचा भात न खाता परत आली! ह्वेचं खाणं हे सकाळी ७ चं आणि संध्याकाळी ५ नंतरचं. दिवसाची सहल नेमकी या दोन्हींच्या मधल्या वेळात तिथे असते. दुसऱ्या खेपेला आईला घेऊन तीन रात्री राहिले, तेव्हा शहर कळलं.

म्हणून माझी वाटणी: पहिली रात्र दा नांग, मग ३ रात्री ह्वे, शेवटच्या २ होई आन. हातांवर पेललेल्या सोनेरी पुलाचा मुलाचा हट्ट असेल तर होई आनच्या मुक्कामातला एक दिवस बा ना हिल्सला द्या. मी देणार नाही, पण मी ११ वर्षांची नाही.

दा नांगहून ह्वेला आगगाडीनेच जा. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, वेळ अडीच ते तीन तास, कारण गाडी हाय वानच्या डोंगराला वळसे घालत समुद्राच्या कडेने जाते. जाताना उजव्या हाताची खिडकी मागा. २०२४ पासून या दोन शहरांमध्ये खास पर्यटकांसाठीही गाडी सुरू झाली आहे, तिचं तिकीट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर साधी गाडीही तेवढाच समुद्र दाखवते.

हॉटेल नदीच्या दक्षिण काठावर घ्या. किल्ला उत्तर काठावर आहे, मध्ये हुओंग नदी (सुगंधी नदी म्हणतात ती हीच). चुओंग तिएन पूल चालत ओलांडता येतो.

किल्ल्यात सकाळी ७ च्या सुमारास आत असायला हवं. तिकीट मोठ्यांना साधारण २ लाख दोंग. आकडा ऐकून घाबरू नका, १ रुपयाला ३०० च्या आसपास दोंग धरून चला. न्गुएन घराण्याने १८०२ ते १९४५ इथून राज्य केलं, एकूण १३ सम्राट. शेवटचा बाओ दाय, त्याने ऑगस्ट १९४५ मध्ये ज्या न्गो मोन दरवाजावर सत्ता सोडली त्याच दरवाजातून आपण आत जातो. आत गेल्यावर मात्र राजस्थानातल्या महालांची अपेक्षा ठेवू नका. १९४७ ची आग आणि १९६८ ची लढाई यांत बहुतेक वाडे गेले, नुसती जोती उरली. थाय ह्वा हा दरबार आणि मागचा किएन चुंग महाल दुरुस्त होऊन २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले, ते चकचकीत आहेत. मला जास्त आवडल्या त्या राजघराण्याच्या देवळासमोरच्या नऊ प्रचंड काशाच्या कलशवजा हंड्या. मिन्ह मांग सम्राटाने १८३५ ते १८३७ मध्ये त्या ओतून घेतल्या आणि त्यांच्या अंगावर देशातले डोंगर, नद्या, प्राणी, झाडं, होड्या, तोफा सगळं उठावात कोरलं. मुलाला एकेक चित्र ओळखायला लावा, अर्धा तास शांततेत जातो. सासूबाईंना आत बॅटरीच्या गाड्या मिळतात.

ह्वेतल्या तिसऱ्या दिवशी सम्राटांच्या समाध्या. सात-आठ आहेत, दोन बघा. खाय दिन्हची समाधी १९२० ते १९३१ मध्ये बांधली. बाहेरून काळवंडलेलं काँक्रीट, आत चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची डोळे दिपवणारी नक्षी. पण पायऱ्या १२७ आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सासूबाईंना खाली सरबत घेऊन बसवा. तू दुकची समाधी त्यांच्यासाठी आहे: तळं, पाइनची झाडं, पाण्यावरचा लाकडी मंडप. हा सम्राट जिवंतपणीच इथे येऊन कविता करत बसायचा. त्याला मूल नव्हतं, म्हणून मुलाने लिहायचा स्मृतिलेख त्याने स्वतःच लिहिला, आणि त्यात स्वतःच्या चुकाही कबूल केल्या. ती प्रचंड शिळा तिथेच उभी आहे. थिएन मू पॅगोडा संध्याकाळी होडीने करा, तिथे तिकीट नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, सासूबाई काय खाणार.

अख्ख्या व्हिएतनाममध्ये शाकाहारी माणसाची सोय लागावी असं शहर निवडायचं तर मी ह्वेच सांगेन. इथे पॅगोडे पुष्कळ, आणि चांद्रमासाच्या १ व १५ तारखेला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी सगळं खाणारी घरंही शाकाहार पाळतात. लक्षात ठेवायचा शब्द एकच: 'चाय'. हो, चाय. तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. पाटीवर 'क्वान चाय' दिसलं की बिनधास्त आत शिरा, चहा मिळेलच असं नाही. या ठिकाणी मासे-मांस तर नाहीच, अंडंही सहसा नसतं, आणि कडक पाळणाऱ्यांकडे कांदा-लसूणही नसतो. आमच्या आईला एकदाच धक्का बसला: ताटात हुबेहूब मांसाचे तुकडे आले. ते सोयाबीनचे होते, पण तिने हात लावला नाही. फोटो आधी दाखवून ठेवा.

साध्या हॉटेलात 'नो मीट' सांगून मात्र भागत नाही. तेवढं सांगितलं की ते वरचे तुकडे काढतात, रस्सा हाडांचाच राहतो. शिवाय 'नुक माम' हे माशांचं पाणी मिठासारखं सगळीकडे पडतं. म्हणून 'चाय' लिहिलेल्या ठिकाणीच बसा.

ह्वेचे खास छोटे पदार्थ चाय रूपातही मिळतात, आणि सासूबाईंना ते परके वाटणार नाहीत. बान नम म्हणजे तांदळाचं पीठ केळीच्या पानात उकडलेलं, आपली पानगीच, फक्त तिखटमिठाची. बान बेओ इवल्याशा बशीत उकडलेलं, एकावेळी दहा बश्या समोर येतात. बान बोत लोक टॅपिओकाचं, पारदर्शक, शिजलेल्या साबुदाण्यासारखं चिकट. बान ख्वाय हे कुरकुरीत घावन. सगळं इतकं चिमुकलं का, तर दरबारी खाण्याचा तो वारसा आहे असं सांगतात. तू दुकच्या ताटात म्हणे रोज ५० पदार्थ असायचे.

तुमच्यासाठी आणि यजमानांसाठी कम हेन. नदीतल्या बेटाजवळचे नखाएवढे शिंपले, खाली गार भात, वर दाणे, केळफूल, कमरख, हिरवा पाला, डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा (नको असेल तर आधी सांगा), तिखट, आणि बाजूला शिंपल्यांचं गरम पाणी. माम रुओक ही आंबवलेल्या कोळंबीची चटणी जपून घाला, वास आपल्या सुकटीच्या वरचा आहे. हे सकाळी खायचं, दुपारपर्यंत संपतं. प्रसिद्ध बून बो (तांदळाच्या शेवयांचा रस्सा) मी खात नाही. 'बो' म्हणजे गोमांस, शिवाय डुकराचा पायही असतो. भाऊ दोन वाट्या संपवून गप्प बसला होता, यावरून काय ते समजा.

'चे' नावाची गोड खीर संध्याकाळी रस्त्यावर मिळते, डाळीची, कमळबीजांची, मक्याची. पण एक प्रकार साखरेच्या पाकात, आत भाजलेलं डुकराचं मांस भरलेला असतो. सासूबाईंच्या वाटीत चमचा जाण्याआधी विचाराच. खारी कॉफी इथलीच, २०१० मध्ये सुरू झालेली. वर मिठाचा फेस, खाली कडक कॉफी. कल्पना विचित्र वाटते, पण मी रोज दोन प्यायले.

किरकोळ: ई-व्हिसा २५ डॉलर, सरकारी साइटवरूनच काढा आणि नाव पासपोर्टबरहुकूम भरा. २० हजार आणि ५ लाख, दोन्ही नोटा निळसर असतात. दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा, अंधारात चूक होते. शहरात फिरायला ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी), भाव आधीच दिसतो.

निघायच्या आदल्या दिवशी दोंग बा बाजारातून मे सुंग घ्या, तिळ-दाण्याची मऊ वडी, आठवडाभर सहज टिकते. आणि होई आनला जाताना दा नांगपर्यंत पुन्हा गाडीनेच येणार असाल तर खिडकी डाव्या हाताची.