प्रोग्रॅमला बोलतं करताना : विंडो का अडकते आणि मराठी का गळतं

तुमच्या दोन तक्रारी आहेत. पायथॉनमध्ये टीकिंटरवर (विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी) केलेला मुलांसाठीचा पाढ्यांचा प्रोग्रॅम पायटीटीएसएक्स३ (मजकूर बोलून दाखवणारी लायब्ररी) जोडल्यापासून बोलतो खरा, पण वाक्य संपेपर्यंत विंडो हँग होते. शिवाय मराठी मजकूर आला की तो गप्प बसतो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, एकाच सेटिंगमध्ये उत्तर शोधू नका.

आधी हँग होण्याचं. 'रनअँडवेट' हे फंक्शन बोलणं संपेपर्यंत परतत नाही. टीकिंटरचे क्लिक त्याच थ्रेडवर (प्रोग्रॅममधली कामाची एक रांग) हाताळले जातात, त्यामुळे तेही तोवर ताटकळतात. प्रत्येक वाक्याला नवा थ्रेड काढायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील; तो घेऊ नका, वाक्यं एकमेकांवर चढतात. बोलण्यासाठी एकच थ्रेड ठेवा, बोलणारं इंजिन त्याच थ्रेडमध्ये तयार करा आणि बाकीच्या प्रोग्रॅमने फक्त क्यूमध्ये, म्हणजे वाट बघणाऱ्या वाक्यांच्या यादीत, मजकूर टाकावा.

एवढ्याने भागत नाही. मुलाने भराभर चार उत्तरं दिली की स्क्रीनवर पाचवा प्रश्न असतो आणि आवाज दुसऱ्यावरच रेंगाळतो. म्हणून नवा प्रश्न आला की क्यू रिकामी करा आणि चालू वाक्यही तोडा. फक्त विंडोजसाठीच लिहीत असाल तर थेट एसएपीआयचा (विंडोजची स्वतःची बोलण्याची सोय) 'एसपीव्हॉइस' वापरणं सोपं. त्याच्या 'स्पीक'ला १ हा फ्लॅग दिला की ते न थांबता परततं, २ दिला की आधीचं बोलणं पुसतं. दोन्ही हवं म्हणून ३ द्या. मग वेगळा थ्रेडही लागत नाही.

आता मराठी. पायटीटीएसएक्स३ स्वतः काही बोलत नाही, सिस्टीममधल्या इंजिनाला बोलायला लावतं: विंडोजवर एसएपीआय५, लिनक्सवर ईस्पीक हे मोफत इंजिन. तिथे मराठी व्हॉइस नसेल तर देवनागरी वाचणार कोण? 'व्हॉइसेस'ची यादी छापून बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये दिसणारे सगळे आवाज एसएपीआय५ला दिसतातच असं नाही, तिथेही बरेच जण फसतात.

ऑफलाइन मराठीसाठी मी ईस्पीक-एनजी (ईस्पीकची नवी आवृत्ती) सुचवेन. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, पण इंजिन छोटं आहे, लगेच बोलतं आणि नेट लागत नाही. ते पायथॉनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमधल्या 'पीओपेन'ने वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवा, भाषेचा कोड 'एमआर' द्या. वाक्य तोडायचं झालं की ती प्रोसेस बंद करायची, बस. मजकूर कमांडमध्ये न कोंबता यूटीएफ-८ फाइलमध्ये लिहून फाइलचं नाव द्या. अवतरणचिन्हांच्या आणि एन्कोडिंगच्या कटकटी वाचतात. वेग मिनिटाला १७५ शब्द असतो, लहान मुलांसाठी तो १३०च्या आसपास आणा. जीटीटीएस या गूगलचा आवाज वापरणाऱ्या लायब्ररीचा मराठी आवाज कानाला बरा लागतो, पण त्यासाठी दर वेळी मजकूर नेटवर जातो आणि एमपी३ परत येते. प्रश्नोत्तराच्या खेळात ती वाट बघणं जाणवतं.

खरं तर तुमच्या प्रोग्रॅमला इंजिनाची गरजच नाही असं माझं मत आहे. मराठीत १ ते १०० पर्यंत प्रत्येक आकड्याला बहुधा स्वतःचा शब्द आहे, तुकडे जोडून 'त्रेसष्ट' तयार होत नाही. पण दहापर्यंतच्या पाढ्यांत उत्तरं १००च्या पुढे जातच नाहीत. शंभर आकडे, 'बरोबर', 'पुन्हा बघ' अशी चार-दोन वाक्यं आणि पाढ्यातले गुणक स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि एकामागोमाग वाजवा. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापायला विसरू नका, नाहीतर 'सात… आठे… छप्पन्न' असं अडखळत ऐकू येतं.

गुणकांचं मुद्दाम लिहिलं, कारण इंजिन वापरलं तरी ते लागणारच. स्क्रीनवर '७ × ८' ठीक आहे. बोलताना ते चिन्ह गाळलं जाईल किंवा भलतंच उच्चारलं जाईल. त्यामुळे दाखवायचा मजकूर आणि बोलायचा मजकूर वेगळे ठेवा. एके, दुणे, त्रिक, चोक, पाचे, सक, साते, आठे, नवे, दाहे अशी दहा शब्दांची डिक्शनरी केली की 'सात आठे किती?' हे वाक्य आपोआप तयार होतं. मूल तसंच पाठ करतं, 'सात गुणिले आठ' त्याला परकं वाटतं.

आवाज बंद करायचं बटण सुरुवातीपासूनच द्या. कोणी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरत असेल तर दोन आवाज एकदम सुरू होतात आणि काहीच कळत नाही. आणि व्हॉइस सापडला नाही तर प्रोग्रॅम कोसळू देऊ नका. अपवाद (एक्सेप्शन) पकडा, खाली एक ओळ दाखवा आणि प्रश्न चालू ठेवा. क्यूचा भाग लिहून झाला की कोड इथेच टाका, बघतो.