गाडीत कॉम्प्युटर लावला, पण बटणं बोटाखाली येत नाहीत

प्रश्न : सर नमस्कार, आमचा आंब्याचा धंदा आहे, सीझनला मी स्वतः पिकअप घेऊन फोंडाघाटातून कोल्हापूरला पेट्या पोचवतो. घरी मिनी पीसी पडून होता तो गाडीत लावला, डॅशबोर्डवर दहा इंची टचस्क्रीन, करंट इन्व्हर्टरमधून, विंडोज 10 आहे. हिशोब एक्सेलमध्ये असतो, गाणी, मॅप सगळं एकाच ठिकाणी हवं होतं. पण बटणं इतकी बारीक की एक दाबायला जावं तर भलतंच दाबलं जातं, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. सगळे म्हणतात अँड्रॉइड स्टिरिओ घे. काय करू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आधी बॅटरीचं बघू, कारण घाटात रात्री गाडी स्टार्टच झाली नाही तर बटणं मोठी करून काय करणार. माझा संशय इन्व्हर्टरवर आहे. तो 12 व्होल्टचे 230 करतो, मग अडॅप्टर त्याचे परत बहुतेक 19 करतो, यात करंट फुकट जातो, आणि पीसी बंद असला तरी इन्व्हर्टर चालू राहिला तर तो बॅटरी खातच बसतो. तो काढाच. त्याऐवजी डीसी टू डीसी कन्व्हर्टर घ्या, म्हणजे 230 न करता बॅटरीवरून थेट पीसीला लागतील तेवढे व्होल्ट देणारा डबा, आउटपुट तुमच्या अडॅप्टरवर लिहिलेलं असेल तेवढंच, आणि इनपुट 6 ते 30 व्होल्ट चालणारं, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज एकदम खाली बसतो आणि साधा कन्व्हर्टर असेल तर पीसी तिथेच रिस्टार्ट होतो. चावी ओळखणारा मिळाला तर उत्तमच. स्टिरिओच्या मागे सहसा पिवळी वायर कायम चालू, लाल चावी फिरवल्यावर चालू आणि काळी अर्थ असते, पण रंगावर जाऊ नका, मीटर लावून खात्री करा. चावी काढली की हा कन्व्हर्टर पीसीला बंद व्हायचा इशारा देतो, थोडा वेळ थांबतो आणि मगच करंट तोडतो. पिवळ्या वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवाच. विंडोजमध्ये पॉवर बटणाला स्लीप नको, हायबरनेट द्या, त्यात चालू काम डिस्कवर साठवून पीसी बंद होतो, स्लीपमध्ये रॅमला करंट लागतच राहतो.

आता बटणं. डेस्कटॉप माउससाठी बनलाय, बोटासाठी नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. डिस्प्ले स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायचं सेटिंग, 175 किंवा 200 टक्के करा, फोल्डर एका क्लिकवर उघडतील असं सेटिंग करा, आणि गाण्यांसाठी कोडी नावाचा प्लेअर टाका, ते टीव्हीवर लांबून वापरायला बनलंय त्यामुळे त्यातली अक्षरं, बटणं मुळातच मोठी. पीसी चालू झाला की थेट कोडीच उघडेल असं करून ठेवा, म्हणजे चालवताना डेस्कटॉप समोर येणारच नाही. मोबाईलच्या ॲपमध्ये बटण साधारण 9 मिलिमीटरचं धरतात, आपल्या हादरणाऱ्या रस्त्यावर मी तर दोन सेंटीमीटरच्या खाली जाणार नाही.

एक्सेल मात्र गाडी बाजूला उभी करूनच. ताशी 40 ने तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलंत तर गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते, आणि फोंड्याची वळणं तुम्हाला मी सांगायला नकोत. मॅप मोबाईलवरच लावा, पीसीमध्ये बहुधा जीपीएस नसतं आणि घाटात रेंज जाते, म्हणून तो भाग आधीच ऑफलाइन डाऊनलोड करून ठेवा.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पीसी विंडोज 11 घेत नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका, तिथे एक्सेलऐवजी लिबरऑफिस वापरायचं, त्यात एक्सेलच्या फाइल उघडतात, फक्त तुमचे फॉर्म्युले एकदा तपासून घ्या. जुनी फिरती हार्डडिस्क खड्ड्यांत टिकणार नाही, तशी असेल तर एसएसडी लावा, तिच्यात फिरणारं काही नसतं. आणि पीसी डॅशबोर्डवर उन्हात नको, सीटखाली हवा खेळेल असा बसवा, देवगडच्या खाऱ्या हवेत कनेक्टरला हिरवा कीट चढतो तेव्हा पावसाळ्याआधी आणि नंतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारत जा.

अँड्रॉइड स्टिरिओ वाईट नाही. नुसती गाणी आणि मॅप हवा असता तर मी पण तोच घ्या म्हटलं असतं, पण पेट्यांचा हिशोब जागच्या जागी करायचाय ना, मग पीसी ठेवा.